हजार लिटर खारं, सात हजार लिटर गोडं: धारूरमधल्या रीफ टँकचा हिशेब

सहा फूट लांब, अडीच फूट रुंद, दोन फूट उंच. घरात प्रवाळांचा टँक मांडायचा आणि तो मोठा म्हणावा असा हवा, तर साधारण या मापापासून सुरुवात होते. या काचेच्या पेटीचं घनफळ ३० घनफूट, म्हणजे ८५० लिटर. वरचे पाच सेंटिमीटर मोकळे सोडले आणि दगड-वाळूने अडवलेली जागा वजा केली, की आत पाणी मावतं ७२० लिटर. खालच्या कपाटात गाळणी, पंप आणि हीटर ठेवायची दुसरी टाकी असते. तिला सगळे सम्प म्हणतात. तिच्यात आणखी २८०. एकूण १,००० लिटर खारं पाणी. पुढचा सगळा हिशेब याच मापावर केला आहे.

हे पाणी वर्षभर समुद्रासारखं राहावं म्हणून किती गोडं पाणी लागतं? धारूरच्या हवेत सुमारे ७,००० लिटर. बोअरचं पाणी आरओतून काढून वापरलं, तर जमिनीतून उपसायचं पाणी २८,००० लिटरवर जातं. मीठ कुठलं घ्यावं, दिवे किती वॉटचे असावेत, मासे कुठून आणावेत, यावर या छंदात पहिल्या दिवसापासून चर्चा होते. गोड्या पाण्याचं नाव निघत नाही, कारण यातलं बहुतेक ज्ञान बंदराच्या शहरांतून किंवा चोवीस तास नळ चालणाऱ्या देशांतून आलेलं आहे. धारूर, म्हणजे किल्लेधारूर, समुद्रापासून सरळ रेषेत सुमारे ३४० किलोमीटरवर आहे, बालाघाटच्या डोंगररांगेत. वर्षाचा पाऊस सहाशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही दरवर्षी पडेलच असं नाही. इथे हिशेब गोड्या पाण्यापासूनच सुरू करायला हवा. तसा केला तर दिसतं की हा टँक पूर्णपणे छतावरच्या पावसावर उभा राहू शकतो. माझ्या मते धारूरमध्ये तो त्याच अटीवर उभा करावा.

सात हजार लिटर जातात कुठे

त्यातले सुमारे ४,४०० लिटर हवेत जातात. रीफ टँकला झाकण नसतं, कारण प्रवाळांना भरपूर उजेड लागतो आणि पाण्याला हवेशी सतत देवाणघेवाण करावी लागते. टँक आणि सम्प मिळून पावणेदोन ते दोन चौरस मीटर पृष्ठभाग उघडा राहतो. पावसाळ्यात तिथून रोज ७ लिटरच्या आसपास पाणी उडतं, हिवाळ्यात १० आणि मार्चपासून मृग लागेपर्यंत पंखे लावून १८ ते २०. वर्षाची सरासरी रोज १२ लिटर धरली आहे.

उडतं ते फक्त पाणी, मीठ मागेच राहतं. समुद्राच्या एक किलो पाण्यात ३५ ग्रॅम क्षार असतात. १,००० लिटरमधून आठवडाभर रोज १२ लिटर उडालं आणि भर घातली नाही, तर हा आकडा ३८ च्या वर जातो. माणसाला यातलं काही दिसत नाही, पाण्याची पातळी तेवढी दोन बोटं खाली गेलेली असते. पण प्रवाळाच्या पेशींना आतलं आणि बाहेरचं क्षारांचं प्रमाण जुळवून घ्यावं लागतं. त्या आक्रसतात, फुललेले पॉलिप मिटून घेतात. म्हणून उडालेलं पाणी त्याच दिवशी, शक्यतो तासातासाला, थोडं थोडं भरलं गेलं पाहिजे. सम्पमध्ये तरंगता स्विच आणि एक लहान पंप बसवला की हे काम आपोआप होतं.

उरलेले २,६०० लिटर पाणी बदलण्यात जातात. दर पंधरवड्याला १०० लिटर जुनं काढायचं आणि १०० लिटर नवं खारं पाणी घालायचं, वर्षात २६ वेळा. दर लिटरला साधारण ३७ ग्रॅम मीठ, म्हणजे वर्षाला ९६ किलो. पहिल्या भरणीचे ३७ किलो वेगळे. हे स्वयंपाकातलं मीठ नव्हे. समुद्राच्या ३५ ग्रॅम क्षारांत सोडियम आणि क्लोराइड मिळून ३० ग्रॅम असतात, आणि प्रवाळांचं जगणं उरलेल्या पाच ग्रॅमवर अवलंबून असतं: सल्फेट २.७, मॅग्नेशियम १.२९, कॅल्शियम ०.४१, पोटॅशियम ०.४०. त्यामुळे रीफसाठीच बनवलेलं मिश्रण घ्यावं लागतं.

बोअर, आरओ आणि टँकर

मराठवाडा काळ्या बेसाल्टवर वसला आहे. त्या खडकाच्या भेगांतून येणारं बोअरचं पाणी जड असतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची, म्हणजे टीडीएसची, इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतलं जातं. नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम आहे आणि बीडसह मराठवाड्यात अनेक ठिकाणी भूजल ती ओलांडतं. रीफ टँकमध्ये नायट्रेट १० च्या आत ठेवायचं असतं. म्हणजे माणसाला पिण्याजोगं ठरलेलं पाणीसुद्धा पहिल्याच भरणीत प्रवाळांना चौपट नायट्रेट देऊ शकतं. पितळी नळातून येणारं तांबं शंख, कोळंबी आणि प्रवाळांना अगदी थोड्या मात्रेतही मारक असतं. ते वेगळंच.

म्हणून आरओ. घरगुती यंत्रातून एक लिटर शुद्ध पाणी मिळताना साधारण तीन लिटर सांडपाणी बाहेर पडतं. ७,००० लिटर हवं तर २८,००० लिटर उपसायचं. दहा हजारांच्या टँकरने मोजलं तर वर्षाला जवळपास तीन टँकर. दिवसाला ७७ लिटर.

टंचाईच्या काळात महाराष्ट्रात टँकरने पाणी देताना माणशी रोज २० लिटरचा निकष धरला जातो. ७७ लिटर म्हणजे जवळपास चार माणसांचा वाटा. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वे लातूरला आली तेव्हा पहिल्या खेपेच्या दहा वाघिणींत ५ लाख लिटर पाणी होतं, आणि ते मिळालं म्हणून शहराने सुटकेचा श्वास घेतला. लातूर इथून दूर नाही आणि ते वर्ष धारूर तालुक्यानेही सोसलं आहे. ज्या भागात माणसं ऊसतोडीला बाहेर पडतात आणि मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांना मेमध्ये घागरी घेऊन टँकरची वाट पाहावी लागते, तिथे छंदासाठी चार माणसांचं पाणी उपसणं मला मान्य नाही. आरओचं सांडपाणी धुण्याभांड्याला वापरता येतं, हे खरं आहे. पण टीडीएस ८०० असलेलं पाणी घेतलं तर सांडपाण्याचा टीडीएस १,०५० च्या वर जातो. ते झाडांना रोज घालण्याजोगं राहत नाही, आणि रोज ५८ लिटर धुण्याभांड्याला वापरलं जाईलच असंही नाही.

पंधरा चौरस मीटर छत

आता पावसाचा हिशेब. एक चौरस मीटर छतावर ६०० मिलिमीटर पाऊस पडला तर ६०० लिटर पाणी होतं. पहिल्या सरींचं पाणी सोडून द्यायचं, थोडं उडतं, थोडं सांडतं. हे धरून ८० टक्के हाती लागतं असं मानू. म्हणजे ४८० लिटर. ७,००० ला ४८० ने भागलं की येतात साडेचौदा. पंधरा चौरस मीटर, एका मध्यम खोलीएवढं छत. पाऊस निम्माच झाला तर तीस चौरस मीटर, सुमारे सव्वातीनशे चौरस फूट. धारूरमधल्या साध्या स्लॅबच्या घराचं छतही याहून मोठं असतं.

साठवायचं किती? खरी गरज नोव्हेंबरपासून जूनच्या मध्यापर्यंतची. उडणारं पाणी ३,२३० लिटर आणि पाणी बदलायला १,६००. मिळून ४,८०० च्या थोडं वर. पाच हजारांची टाकी काठावर पुरते. साडेसात हजारांची घेतली तर पाऊस लांबला तरी धाकधूक नाही. टाकी काळी, बंद झाकणाची आणि प्लास्टिकची असावी. उजेड आत गेला की शेवाळ आलंच.

पावसाच्या पाण्याचा टीडीएस बोअरच्या मानाने नगण्य असतो, त्यामुळे आरओची गरजच उरत नाही. बारीक फिल्टर, कार्बन आणि शेवटी आयन शोषून घेणाऱ्या रेझिनची नळी, एवढ्यावर टीडीएस शून्यावर येतो. रेझिनही बोअरच्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त टिकतं. एक पथ्य मात्र काटेकोर पाळायचं. पत्र्याच्या छपरावरचं पाणी घ्यायचं नाही. पत्र्यावर जस्ताचा मुलामा असतो, पावसाच्या पाण्यात ते उतरतं आणि बिनकण्याच्या जिवांना घातक ठरतं. स्लॅब, पीव्हीसीचे पाइप आणि प्लास्टिकचे नळ.

यातून टँक भरायचा मुहूर्तही ठरतो. काच, स्टँड, दगड यांची कामं उन्हाळ्यात उरकावीत आणि पाणी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये भरावं. पहिले १,००० लिटर पावसाचेच मिळतात. सूक्ष्मजीव स्थिरावायला चार ते सहा आठवडे लागतात. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू दगडांवर जमेपर्यंत मासा आत सोडायचा नसतो. तोवर दिवाळी येते आणि हवा थंडावते. पहिल्या कडक उन्हाळ्याला तोंड देईपर्यंत टँक पाच-सहा महिन्यांचा झालेला असतो.

कोरड्या हवेची किंमत आणि कमाई

प्रवाळांना २४ ते २७ अंश तापमान मानवतं. समुद्रात नेहमीच्या कमाल उन्हाळी सरासरीपेक्षा तापमान एक अंशाने वर गेलं आणि तिथेच काही आठवडे राहिलं, तरी प्रवाळ आपल्या पेशींत राहणारं शेवाळ बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. २०२३ पासून जगभर जी प्रवाळ-फिकटीची लाट आली, तिच्यात जगातल्या ८० टक्क्यांहून जास्त प्रवाळ क्षेत्राला इतकी उष्णता सोसावी लागली. तेव्हा धारूरच्या चाळीस अंशांच्या एप्रिल-मेमध्ये टँक कसा तगायचा?

याचं उत्तर मुंबईकराला चकित करणारं आहे. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून पंख्यासमोर धरलं, तर पारा जिथे थांबतो त्याच्या खाली पाणी नुसत्या वाऱ्याने थंड होऊ शकत नाही. मुंबईत ३३ अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असेल, तर ही मर्यादा सुमारे २८ अंश. कितीही पंखे लावा, २६ येणार नाही. चिलर घ्यावाच लागतो. धारूरमध्ये दुपारी ४० अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल, तर मर्यादा २२-२३. माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं, त्याच कारणाने इथला टँक दोन साध्या पंख्यांवर २६ अंशांच्या आसपास राखता येतो.

किती पाण्याला किती गारवा, हेही मोजता येतं. एक लिटर पाणी उडताना ०.६७ युनिट विजेएवढी उष्णता सोबत नेतं. १,००० लिटर खारं पाणी एक अंशाने गार करायला १.१४ युनिट उष्णता काढावी लागते, म्हणजे १.७ लिटर पाणी उडायला हवं. दिवसाला २० लिटर उडालं तर साडेतेरा युनिट उष्णता निघून जाते. तेवढीच उष्णता काढायला चिलर साधारण पाच युनिट वीज खाईल. पंख्यांना लागते अर्धा युनिट. छतावरचं साठवलेलं पाणी हाताशी असेल तर इथे पंखाच घ्यावा. चिलर घेतलाच तर ओल्या हवेच्या आठवड्यांसाठी, वळवाचा पाऊस पडून उकाडा राहतो त्या दिवसांसाठी ठेवावा.

याच उडणाऱ्या पाण्याचा आणखी एक फायदा आहे आणि मला तो सगळ्यांत मोलाचा वाटतो. प्रवाळ, शंख आणि दगडांवर चढणारं जांभळं चुनकट शेवाळ पाण्यातून कॅल्शियम आणि कार्बोनेट उचलून आपलं कवच बांधतात. पाण्याची क्षारीयता जर्मन अंशांत मोजतात. टँकमध्ये ती ७ ते ९ च्या दरम्यान राखायची. मऊ प्रवाळांच्या, चांगल्या वाढलेल्या टँकमध्ये रोज अर्धा अंश खर्च होतो असं धरू. १,००० लिटरमध्ये याचा अर्थ रोज ९ ग्रॅम चुनखडी. वर्षाला सव्वातीन किलो, पाण्यातून दगडावर. तेवढी भर रोज परत घालावी लागते. बाजारातल्या दोन बाटल्यांच्या औषधाने किंवा खाण्याचा सोडा आणि कॅल्शियम क्लोराइड वेगवेगळे घालून ती भरता येते. सोडा रोज १५ ग्रॅम लागेल.

पण साधा मार्ग आहे चुन्याची निवळी. शुद्ध पाण्यात कॅल्शियम हायड्रॉक्साइड ढवळून ठेवलं की लिटरला दीड ग्रॅमच्या आसपास विरघळतं, बाकी तळाशी बसतं. वरच्या नितळ पाण्यात कॅल्शियम आणि क्षारीयता प्रवाळांना हव्या त्याच प्रमाणात असतात. अर्ध्या अंशाची भर घालायला अशी निवळी लागते ४.४ लिटर, म्हणजे जेमतेम साडेसहा ग्रॅम चुना. निवळी घालायची ती उडालेल्या पाण्याच्या जागी, त्यामुळे जितकं पाणी उडेल तितकीच निवळी टँकमध्ये जाऊ शकते. किनाऱ्यावर ओल्या हवेत पाणी कमी उडतं आणि ही पद्धत अपुरी पडते. धारूरमध्ये भर पावसाळ्यातही रोज ७ लिटर उडतं, गरज ४.४ ची आहे. वर्षाचे बाराही महिने भागतं, आणि वर्षाकाठी चुना लागतो अडीच किलोच्या आत. तो प्रयोगशाळेच्या दर्जाचा घ्यावा, पानाच्या डबीतला नको. निवळीचा सामू १२ च्या वर असतो, म्हणून ती एकदम ओतायची नाही. रात्री, थेंब थेंब. रात्री दिवे बंद असताना टँकचा सामू आपसूक खाली येतो, तोही यामुळे सावरतो.

युनिटचा हिशेब

पंप ६० वॉट, पाण्यात लाटा उठवणारे दोन पंखे मिळून ५०, फेसातून घाण ओढून काढणारा स्किमर ४०. हे १५० वॉट चोवीस तास, म्हणजे रोज ३.६ युनिट. एलईडी दिवे ३०० वॉट, नऊ तास: २.७ युनिट. पाया ६.३ युनिटांचा. उन्हाळ्यात पाणी गार ठेवणाऱ्या पंख्यांचा अर्धा युनिट वाढतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा १०-१२ वर येतो तेव्हा हीटर दोन-अडीच युनिट घेतो. महिन्याची सरासरी सुमारे २१० युनिट. घराचा वापर १२० युनिट असेल तर बिल ३३० युनिटांवर जातं, आणि महावितरणच्या घरगुती दरात ३०० च्या पुढचा टप्पा महाग आहे. छतावर २ किलोवॉटचे सौर पॅनेल रोज ८ युनिटच्या आसपास देतात, म्हणजे टँकची गरज भागते. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत २ किलोवॉटला ६०,००० रुपये अनुदान आहे.

मात्र ग्रिडला जोडलेला सौर संच वीज गेली की स्वतःही थांबतो, आणि टँक मरतो तो बहुधा अशाच वेळी. २६ अंशांवर समुद्राच्या एका लिटर पाण्यात ६.७ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. गोड्या पाण्यात ८ मिलिग्रॅम. म्हणजे आपल्या अख्ख्या टँकमध्ये मासे, प्रवाळ, जिवाणू या सगळ्यांसाठी मिळून पावणेसात ग्रॅम. पंप चालू असतो तोवर तो सतत भरत राहतो. पाणी थांबलं की वापर तोच राहतो, भरणं थांबतं, आणि उन्हाळ्याच्या रात्री काही तासांत मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात. घराघरांत असते तशी १५० अँपिअर-अवरची एक इन्व्हर्टर बॅटरी हाताशी सुमारे १,२०० वॉट-अवर देते. तिच्यावर पंप, पंखे, स्किमर सगळं चालवलं तर आठ तास निघतात. पण २५ वॉटचा एकच पंखा पृष्ठभागाकडे तोंड करून ठेवला तर अठ्ठेचाळीस. भारनियमनाच्या सवयीने आपण आधी दिवा लावतो. टँकसाठी या इन्व्हर्टरची वायरिंग वेगळीच काढून घ्यावी आणि तिच्यावर फक्त तो एक पंखा ठेवावा.

वजनाबद्दल थोडक्यात. पाणी, काच, दगड, वाळू, स्टँड आणि खालचा सम्प मिळून १,४५० किलोच्या वर भार येतो, तोही १.४ चौरस मीटरवर. चौरस मीटरला हजार किलोहून जास्त. राहत्या घराचा मजला चौरस मीटरला २०० किलो धरून बांधतात. म्हणून तळमजला, आणि तिथेही फरशीखाली पक्कं कॉंक्रीट. जुन्या माळवदाच्या घरात वरच्या मजल्यावर ठेवायचा विचारही नको. पुढच्या काचेवर पाण्याचा रेटा सुमारे ३०० किलोचा असतो, तेव्हा १५ मिलिमीटरहून पातळ काच घेऊ नये.

आत काय असावं, काय नसावं

मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये मरीन ड्राइव्हवर उभं राहिलं, तेव्हा समुद्र रस्त्यापलीकडे होता आणि प्रवाळांविषयी कायदा मौन होता. कायदा आता मौन नाही. वन्यजीव (संरक्षण) कायदा १९७२ चा, पण त्याच्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळ आले २००१ मध्ये: खडक बांधणारे सगळे टणक प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि सी फॅन. समुद्रघोडेही त्याच वर्षी आले. या अनुसूचीतले जीव पकडले, विकले तर शिक्षा तीन ते सात वर्षांची आहे. मालवणच्या किनाऱ्यावर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे आणि तिथे आपले स्वतःचे प्रवाळ आहेत. मुंबईच्या किनारी रस्त्यासाठी २०२० मध्ये वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरच्या १८ प्रवाळ वसाहती दुसरीकडे हलवाव्या लागल्या, तेव्हा महापालिकेलाही वन्यजीव विभागाची परवानगी घ्यावी लागली. तेव्हा रामेश्वरमकडून कुणी ‘लाइव्ह रॉक’ म्हणून प्रवाळाचा दगड पाठवतो म्हणाला, तर तो मेलेला आहे की जिवंत हा प्रश्न गौण आहे. घ्यायचा नाही.

सिमेंट किंवा सिरॅमिकचे बनवलेले ७० किलो दगड पाण्यात मुरवून घेतले की तेही वर्षभरात जांभळे होतात. प्रवाळांत लेदर, मशरूम आणि झोअँथिड ही मऊ कुळं वरच्या पाच नोंदींत येत नाहीत. तीही टँकमध्ये वाढवलेली, पक्क्या पावतीची आणि आयातीचा कागद असलेलीच घ्यावीत. झोअँथिडच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं. दगड घासताना हातमोजे आणि चष्मा हवाच, आणि घरात लहान मूल असेल तर मी ते ठेवणारच नाही.

मासे समुद्रातून ओढून आणलेले नसावेत. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशची पैदास बंदिस्त टाक्यांत यशस्वी करून बरीच वर्षं झाली. राज्याच्या मॅन्ग्रोव्ह फाउंडेशननेही ऐरोलीला क्लाउनफिशची हॅचरी उभी केली, त्यातली पिलं वाढवण्याचं काम किनाऱ्यावरच्या महिलांकडे जावं या हेतूने. टाकीत जन्मलेला मासा कोरडं खाद्य सहज घेतो, आणि त्याच्यासाठी कुठल्या खडकावर सायनाइड फवारलं गेलेलं नसतं.

मासे किती? इथे एक समजूत आकड्यांनी तपासून पाहावी, ‘पाणी बदललं की नायट्रेट उतरतं’ ही. रोज ५ ग्रॅम कोरडं खाद्य घातलं. त्यात ४५ टक्के प्रथिनं, प्रथिनांत १६ टक्के नायट्रोजन: ०.३६ ग्रॅम. तो सगळा नायट्रेट झाला तर १.६ ग्रॅम. १,००० लिटरमध्ये रोज लिटरला १.६ मिलिग्रॅम, पंधरवड्यात २२. दर पंधरवड्याला १० टक्के पाणी बदललं तर आकडा चढत चढत २०० च्या वर जाऊन स्थिरावेल. आपल्याला हवं १० च्या आत. म्हणजे खरं काम पाणी बदलण्याने होत नाही. दगडाच्या पोकळ्यांत, जिथे प्राणवायू पोचत नाही, तिथले जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून सोडून देतात. स्किमर खाद्याचे अवशेष सडायच्या आधीच फेसात ओढून काढतो. सम्पमध्ये दिव्याखाली वाढवलेलं शेवाळ दर आठवड्याला मूठभर कापून टाकलं की त्याच्याबरोबर नायट्रोजनही बाहेर जातो. या तिघांची क्षमता जेवढी, तेवढंच खाद्य आणि तेवढेच मासे. या मापाच्या टँकमध्ये आठ-दहा लहान मासे पुरे.

शहाण्णव किलो मीठ

शेवटचा आकडा सगळ्यांत अडचणीचा आहे. वर्षाला २,६०० लिटर खारं पाणी बाहेर काढायचं, त्यात ९६ किलो मीठ. मुंबई-रत्नागिरीला ते अखेर समुद्रालाच मिळतं. धारूरमध्ये ते परसात ओतलं तर? एका गुंठ्यात ९६ किलो म्हणजे चौरस मीटरला जवळपास एक किलो, हेक्टरी साडेनऊ टन. काळ्या कसदार जमिनीचा निचरा मुळात कमी. सोडियम तिच्यातल्या चिकणमातीला धरून बसतो, माती ओली असताना चिकट आणि वाळल्यावर दगडासारखी होते. ऊस-कापसाच्या मुलखात चोपण जमीन म्हणजे काय, हे कुणाला सांगायला नको. गटारात सोडलं तर पुढे ते कुठल्या तरी ओढ्यात आणि तिथून कुणाच्या विहिरीत जाणार.

यालाही उत्तर उन्हातच आहे. मराठवाड्यात उघड्या भांड्यातून वर्षाला दोन मीटरच्या आसपास पाणी उडतं. गच्चीवर दोन चौरस मीटरचा उथळ हौद, आत जाड प्लास्टिक आणि वर पारदर्शक पत्रा तिरपा, म्हणजे पाऊस आत येणार नाही. खारं पाणी साध्या पाण्यापेक्षा सावकाश उडतं हे धरूनही २,६०० लिटर त्यात वर्षभरात आटतं. तळाला उरलेलं मीठ खरवडून पोत्यात भरायचं, कचरा डेपोत द्यायचं. उकिरड्यावर किंवा बांधावर नाही.

आणि ते कमी करता येतं. स्किमर, शेवाळ आणि निवळी ही तिन्ही नीट चालू असतील, दर आठवड्याला क्षारीयता आणि महिन्याला नायट्रेट तपासलं जात असेल, तर दुसऱ्या वर्षापासून पंधरवड्याला १०० ऐवजी ५० लिटर बदलून भागतं. मीठ ४८ किलोवर येतं, गोडं पाणी ५,७०० लिटरवर आणि लागणारं छत बारा चौरस मीटरवर. टँक कधी मोडायची वेळ आली, तर त्यातले मासे, शंख किंवा शेवाळ कुठल्याही तळ्यात-धरणात सोडायचे नाहीत. दुसऱ्या टँकवाल्याला द्यायचे, आणि पाणी त्याच हौदात.